पेप्टाइड : चेहऱ्याला चालेल, झोपेसाठी नको

गेल्या काही वर्षांत पेप्टाइड्स प्रयोगशाळेतून थेट औषधांच्या दुकानात आणि मोबाइलच्या पडद्यावर येऊन पोहोचली आहेत. चेहऱ्याला लावायच्या सीरमच्या बाटलीवर त्यांचं नाव असतं, पाण्यात किंवा दुधात कालवून प्यायच्या कोलॅजेनच्या डब्यावर असतं, आणि ‘गाढ झोप लागेल’ असं सांगून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या इंजेक्शनच्या कुप्यांवरही असतं. नाव एकच असल्यामुळे हा सगळा एकाच जातीचा माल आहे, असा समज होतो. सीरम मानवलं, मग झोपेचं इंजेक्शनही मानवेल, असं अनेकांना वाटू लागतं. हा समज धोक्याचा आहे.

निष्कर्ष आधीच सांगते. चेहऱ्याला लावायच्या पेप्टाइडमागे थोडा, पण खरा पुरावा आहे, आणि धोका अगदी कमी आहे. प्यायच्या कोलॅजेनचा पुरावा डळमळीत आहे. झोपेसाठी विकल्या जाणाऱ्या पेप्टाइड्सचा पुरावा जवळपास नाही, आणि ती टोचून घ्यायची असल्यामुळे धोका मात्र मोठा आहे. असं का, आणि या माहितीचा तुम्ही घरी काय उपयोग करायचा, ते आता क्रमाने पाहू.

पेप्टाइड म्हणजे काय?

प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात. ही आम्लं एकापुढे एक जोडली गेली की साखळी तयार होते. साखळी छोटी, म्हणजे दोनपासून साधारण पन्नासेक आम्लांची असेल, तर तिला पेप्टाइड म्हणतात. लांबलचक असेल तर प्रथिन. आपल्या शरीरात अशी असंख्य पेप्टाइड्स एका पेशीचा निरोप दुसऱ्या पेशीला पोहोचवत असतात. बाळंतपणात कळा वाढवण्यासाठी देतात ते ऑक्सिटोसिन नऊ आम्लांचं आहे. इन्सुलिन ५१ आम्लांचं आहे आणि १९२२ साली टोरांटोत ते पहिल्यांदा एका मधुमेही मुलाला टोचलं गेलं, तेव्हापासून त्याने कोट्यवधी लोकांना जगवलं आहे. तेव्हा पेप्टाइड हे थोतांड नाही. प्रश्न असतो तो कोणतं पेप्टाइड, कशासाठी आणि शरीरात कोणत्या वाटेने, हा.

इन्सुलिनची गोळी का नाही, याचं उत्तर इथेच आहे. पेप्टाइड गिळलं की जठर आणि आतडी त्याला अन्नातल्या प्रथिनासारखंच वागवतात आणि तोडून टाकतात. त्वचेवर लावलं तर वरचा मृत पेशींचा थर त्याला अडवतो. रक्तात सोडलं तर काही मिनिटांतच रक्तातली विकरं त्याचे तुकडे करू लागतात. आणि मेंदूवर काम करायचं असेल तर रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा ओलांडावा लागतो. म्हणून कोणतंही पेप्टाइड समोर आलं की तीन प्रश्न विचारायचे : ते जिथे काम करायचं तिथे पोहोचतं का? माणसांवर, तुलनेसाठी दुसरा गट ठेवून, तपासलं गेलं आहे का? आणि काही चुकलं तर किती नुकसान होईल? या तीन प्रश्नांवर त्वचेची आणि झोपेची पेप्टाइड्स घासून पाहिली की फरक आपोआप दिसतो.

त्वचेची पेप्टाइड्स : पुरावा बेताचा, पण खरा

सीरमच्या बाटल्यांवर मुख्यतः तीन प्रकारची पेप्टाइड्स आढळतात.

पहिला प्रकार पेशींना ‘कोलॅजेन तयार करा’ असा निरोप देणाऱ्यांचा. त्वचेला घट्टपणा देणारं कोलॅजेन झिजतं तेव्हा त्याचे बारीक तुकडे सुटतात, आणि त्या तुकड्यांची चाहूल लागली की पेशी नवं कोलॅजेन बनवू लागतात, असं प्रयोगशाळेत १९९०च्या दशकात दिसलं. त्यातल्याच पाच आम्लांच्या एका तुकड्याला मेदाम्लाची शेपटी जोडून पामिटॉइल पेंटापेप्टाइड-४ तयार झालं. बाजारात ते मॅट्रिक्सिल या नावाने ओळखलं जातं. शेपटी एवढ्यासाठी की त्वचेचा वरचा थर स्निग्ध असतो. नुसतं पेप्टाइड त्यात शिरत नाही, मेदाला जोडलेलं थोडं शिरतं. याच कुळातलं मॅट्रिक्सिल ३००० हे दोन वेगळ्या पेप्टाइड्सचं मिश्रण आहे.

दुसरा प्रकार धातू वाहून नेणाऱ्यांचा. जीएचके हे फक्त तीन आम्लांचं पेप्टाइड आपल्या रक्तात मुळातच असतं. अमेरिकी संशोधक लॉरेन पिकार्ट यांनी १९७३ साली ते शोधलं. ते तांब्याला धरून ठेवतं, म्हणून त्याचं सीरम निळं दिसतं. बाटलीवर त्याचं नाव कॉपर ट्रायपेप्टाइड-१ असं असतं. जखम भरण्याच्या क्रियेत त्याचा सहभाग प्रयोगशाळेत चांगला दिसला आहे. सुरकुत्यांबाबतचे माणसांवरचे अभ्यास मात्र छोटे आहेत.

तिसरा प्रकार स्नायू सैल करण्याचा दावा करणाऱ्यांचा. ॲसिटिल हेक्झापेप्टाइड-८, म्हणजे आर्जिरेलिन, यातलं सर्वांत प्रसिद्ध. बोटॉक्स ज्या प्रथिनाला कापून मज्जातंतूचा स्नायूकडे जाणारा निरोप थांबवतं, त्याच प्रथिनाच्या एका टोकाची ही नक्कल आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात ३० दिवसांत सुरकुत्यांची खोली ३० टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचं नोंदवलं गेलं, आणि तोच आकडा आजही जाहिरातींत फिरतो. त्या अभ्यासात अवघ्या दहा महिला होत्या, हे जाहिरातीत नसतं.

आता पहिला प्रश्न : पोहोचतं का? त्वचाशास्त्रात एक ढोबळ नियम आहे. २००० साली दोन डच संशोधकांनी मांडला की ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) जड रेणू निरोगी त्वचेतून सहसा आत जात नाही. जीएचके या मर्यादेच्या आत बसतं. मॅट्रिक्सिल ८००च्या आसपास आहे, पण त्याला मेदाची शेपटी मदत करते आणि त्याला फार खोल जायचंही नसतं. आर्जिरेलिन जवळपास ८९० आहे, पाण्यात विरघळणारं आहे, आणि त्याला पोहोचायचं आहे ते थेट स्नायूला जोडलेल्या मज्जातंतूच्या टोकापर्यंत. म्हणूनच ‘बाटलीतलं बोटॉक्स’ ही जाहिरात मनावर घेऊ नका. त्याने कोरड्या त्वचेवरच्या बारीक रेषा थोड्या मऊ दिसतील. कपाळावरची आठी जाणार नाही.

दुसरा प्रश्न तपासणीचा. त्वचेच्या पेप्टाइड्समधला सर्वांत नीट आखलेला अभ्यास मॅट्रिक्सिलवर २००५ साली प्रसिद्ध झाला. ३५ ते ५५ वयाच्या ९३ गोऱ्या महिलांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला साधं मॉइश्चरायझर आणि दुसऱ्या बाजूला तेच मॉइश्चरायझर पेप्टाइड घालून, असं बारा आठवडे लावलं गेलं. कोणत्या बाजूला काय आहे हे ना त्यांना माहीत होतं, ना तपासणाऱ्यांना. पेप्टाइडच्या बाजूच्या रेषा थोड्या कमी झाल्या. फरक लहान होता, पण योगायोगाचा नव्हता. अभ्यास प्रसाधनं बनवणाऱ्या कंपनीच्याच शास्त्रज्ञांनी केला होता, हेही लक्षात ठेवायला हवं. आपल्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची : आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या त्वचेची मुख्य तक्रार सुरकुत्यांआधी वांग आणि काळ्या डागांची असते. ही पेप्टाइड्स त्यावरचा उपाय नाहीत.

बाटलीवरचा आकडा कसा वाचावा?

समजा, बाटलीवर ‘१० टक्के मॅट्रिक्सिल ३०००’ असं ठळक अक्षरांत छापलं आहे. हे १० टक्के शुद्ध पेप्टाइड नसतं. कच्चा माल पुरवणारी कंपनी तयार द्रावण विकते, त्याचे हे १० टक्के. त्या मूळ द्रावणात एक पेप्टाइड दहा लाखांत १०० भाग आणि दुसरं ५० भाग असतं. बाकी पाणी, ग्लिसरीन वगैरे. म्हणजे सीरममध्ये उरतात दहा लाखांत १० आणि ५ भाग. ३० मिलिलिटरच्या अख्ख्या बाटलीत दोन्ही मिळून अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी.

याला फसवणूक म्हणायचं कारण नाही. निरोप देणारी पेप्टाइड्स सूक्ष्म प्रमाणातच काम करतात. ९३ महिलांच्या त्या अभ्यासातही दहा लाखांत फक्त ३ भाग पेप्टाइड होतं. पण यावरून एवढं नक्की कळतं की ‘१० टक्के’वाली बाटली ‘५ टक्के’वालीच्या दुप्पट गुणकारी, हा हिशेब खरा नाही. काहीशे रुपयांचं सीरम आणि काही हजारांचं सीरम यांत पेप्टाइडचा फरक नगण्य असू शकतो. किंमत वाढते ती बाटली, सुगंध आणि जाहिरातीमुळे.

प्यायचं कोलॅजेन

कोलॅजेनच्या पावडरीत मोठ्या प्रथिनाचे तोडून केलेले छोटे तुकडे असतात. ते प्यायल्यावर बहुतेक अमिनो आम्लांत मोडतात. काही दोन-तीन आम्लांचे तुकडे तसेच रक्तात पोहोचतात, हे रक्ततपासणीत दिसलं आहे. रोज अडीच ते दहा ग्रॅम, दोन ते तीन महिने, अशा अभ्यासांत त्वचेचा ओलावा आणि लवचीकपणा सुधारल्याचे निष्कर्ष बरेच आहेत. मात्र २०२५ साली २३ चाचण्यांमधल्या १४७४ लोकांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा चित्र बदललं. सगळ्या चाचण्या एकत्र धरल्या तर फायदा दिसत होता. पण कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या, तर फायदा दिसेनासा झाला. दर्जेदार पद्धतीने केलेल्या चाचण्यांतही तेच.

शाकाहारी वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कोलॅजेन हे प्राण्याच्याच शरीरात असतं. बाजारातली पावडर गाय-बैल, डुक्कर किंवा मासे यांच्या कातडी-हाडांपासून वा खवल्यांपासून बनते. ‘व्हेज कोलॅजेन’ म्हणून जे मिळतं त्यात कोलॅजेन नसतं. क जीवनसत्त्व, जस्त, वनस्पतींचे अर्क असतात. डब्यावरची हिरवी किंवा तपकिरी खूण आणि घटकांची यादी पाहिल्याशिवाय घेऊ नका. माशांची ॲलर्जी असेल तर माशांपासून बनवलेलं कोलॅजेन टाळा.

झोपेची पेप्टाइड्स : दावा मोठा, पुरावा तोकडा

या बाजूचं सर्वांत जुनं नाव डीएसआयपी, म्हणजे डेल्टा झोप आणणारं पेप्टाइड. स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे शोनेनबर्गर आणि मोनिये यांच्या चमूने सशांवर प्रयोग केले. एका सशाच्या मेंदूतल्या थॅलॅमस या भागाला विजेचे सौम्य झटके देऊन त्याला झोपवलं, त्याच्या मेंदूतून येणाऱ्या रक्तातला अंश काढला आणि दुसऱ्या सशाला दिला. दुसऱ्या सशाच्या मेंदूत गाढ झोपेच्या डेल्टा लहरी वाढल्या. १९७७ साली त्या अंशातल्या नऊ आम्लांच्या पेप्टाइडची रचना प्रसिद्ध झाली. झोपेचा रेणूच हाती लागला असं तेव्हा अनेकांना वाटलं, आणि ते स्वाभाविक होतं.

पुढे मात्र धागा हरवला. हे पेप्टाइड शरीरात बनवणारं जनुक सापडलं नाही, ते जिथे बसून काम करतं तो ग्राहीही सापडला नाही. १९८०च्या दशकात निद्रानाशाच्या रुग्णांवर छोट्या चाचण्या झाल्या. काहींत थोडा फायदा दिसला, काहींत नाही. १९९२ साली जुन्या निद्रानाशाच्या १६ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात औषध कोणाला आणि नुसतं पाणी कोणाला, हे लपवून ठेवलं होतं. फरक इतका किरकोळ निघाला की उपचार म्हणून याचा फार उपयोग होईल असं वाटत नाही, असं संशोधकांनीच लिहिलं. आज ऑनलाइन विकलं जातं ते हेच पेप्टाइड. जाहिरातीत सशांची गोष्ट असते, १९९२ची नसते.

दुसरं नाव एपिटॅलॉन. चार आम्लांचं हे पेप्टाइड सेंट पीटर्सबर्गच्या व्लादिमिर खाविन्सन यांच्या चमूने विकसित केलं. मेंदूतल्या पिनियल ग्रंथीला चालना देऊन मेलॅटोनिन वाढवतं आणि वय रोखतं, असा दावा आहे. त्याबद्दलचं बहुतेक संशोधन त्याच चमूचं आहे. ज्याने औषध बनवलं त्याच्याशिवाय इतरांनी ते मोठ्या प्रमाणावर तपासून तोच निष्कर्ष काढला, तरच पुरावा पक्का धरतात. इथे ते झालेलं नाही.

तिसरा गट सीजेसी-१२९५, इपामोरेलिन यांसारख्या पेप्टाइड्सचा. ही शरीराला वाढीचं संप्रेरक सोडायला लावतात. रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत हे संप्रेरक सर्वाधिक स्रवतं, हे खरं आहे. विक्रेते तेच उलटं करून सांगतात : संप्रेरक वाढवा, गाढ झोप येईल. या पेप्टाइड्सशी नातं असलेल्या नैसर्गिक संप्रेरकाचा तरुणांवरचा छोटा प्रयोग आशादायक होता, पण निद्रानाशाने खरोखर त्रासलेल्या माणसांवर या कुप्यांची नीट चाचणी नाही. उलट वाढीचं संप्रेरक जास्त झालं की रक्तातली साखर वाढते, अंगावर सूज येते, सांधे दुखतात, मनगटात मुंग्या येतात. घरोघरी मधुमेह असलेल्या आपल्या समाजात हा धोका हलका नाही. ज्यांना कर्करोग आहे किंवा होऊन गेला आहे, त्यांनी तर या गटाच्या जवळही जाऊ नये. जिल्हा-राज्य पातळीवर खेळणाऱ्या मुलांच्या पालकांनीही लक्षात ठेवावं : ही पेप्टाइड्स जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहेत.

तोंडाने घ्यायचं एक सौम्य पेप्टाइड दुधातून येतं. दुधातल्या केसीनचं पचन झाल्यावर सुटणारा दहा आम्लांचा एक तुकडा मनावरचा ताण थोडा हलका करतो, असं छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. त्याच्या गोळ्याही मिळतात. धोका विशेष नाही, परिणामही माफक. ज्यांना दूध पचतं त्यांनी झोपण्याआधी कपभर कोमट दूध घ्यायला हरकत नाही. त्यातून पेप्टाइडची औषधी मात्रा मिळेल, असं मात्र समजू नये.

आणि मेलॅटोनिन? ते पेप्टाइडच नाही. ट्रिप्टोफॅन या एकाच अमिनो आम्लापासून शरीर ते बनवतं. येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ आरॉन लर्नर यांनी १९५८ साली गुरांच्या पिनियल ग्रंथींतून ते वेगळं केलं, तेही त्वचेच्या रंगाच्या विकारांवर औषध शोधताना. शरीराचं घड्याळ मागे-पुढे झालं असेल, उदाहरणार्थ अमेरिकेहून परतल्यावर, तर त्याचा उपयोग होतो. रोजच्या निद्रानाशावर त्याचा परिणाम थोडाच आहे.

झोपेच्या शास्त्रात ज्या पेप्टाइडचा पुरावा खरोखर भक्कम आहे, ते झोप आणत नाही, जागं ठेवतं. त्याचं नाव ओरेक्सिन. १९९८ साली दोन वेगळ्या चमूंनी ते शोधलं. ते बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशी नष्ट झाल्या की माणसाला दिवसाढवळ्या झोपेचे झटके येतात. यावरून ओरेक्सिनला रोखणाऱ्या झोपेच्या गोळ्या तयार झाल्या. पहिलीला, सुव्होरेक्झंटला, अमेरिकेत २०१४ साली मान्यता मिळाली. त्या गोळ्याही पेप्टाइड नाहीत. मेंदूपर्यंत पोहोचावं म्हणून त्यांचे रेणू मुद्दाम छोटे घडवले आहेत. पेप्टाइड टोचून झोप सुधारणं किती अवघड आहे, हे यातून कळावं.

दोन्हींतला खरा फरक

त्वचेच्या पेप्टाइडला काही दशांश मिलिमीटर आत जायचं असतं. झोपेच्या पेप्टाइडला रक्तातून टिकून, पडदा ओलांडून मेंदूत जायचं असतं. एकाचं काम त्वचेपुरतं असतं. दुसरं संपूर्ण शरीरात फिरतं.

परिणाम मोजण्यातही फरक आहे. त्वचेचा अभ्यास चेहऱ्याच्या दोन बाजूंवर एकाच वेळी करता येतो, छायाचित्रं घेता येतात. झोप मात्र मनाशी बांधलेली असते. ‘आज औषध घेतलंय’ या विश्वासानेच अनेकांना झोप लागते. म्हणून ‘मी घेतलं आणि मला गाढ झोप लागली’ हा अनुभव खरा असला, तरी औषधाचा पुरावा ठरत नाही.

आणि सर्वांत मोठा फरक चुकण्याच्या किमतीचा. सीरम नाही मानवलं तर चेहरा लाल होईल, खाज येईल. धुऊन टाकलं की दोन-चार दिवसांत बरं. टोचलेलं औषध परत काढता येत नाही.

कुपी हातात घेऊन पाहा

ऑनलाइन येणारी कुपी अशी असते : बोटाच्या पेराएवढी काचेची बाटली, रबरी बुचावर रंगीत प्लास्टिकचं टोपण, तळाशी पांढऱ्या भुकटीची चकती. लेबलवर नाव, मिलिग्रॅमचा आकडा, आणि बारीक अक्षरांत ‘केवळ संशोधनासाठी, माणसांच्या वापरासाठी नाही’ अशी इंग्रजी ओळ. उत्पादकाचा परवाना क्रमांक नसतो, कधी पत्ताही नसतो. ती बारीक ओळ विक्रेत्याला कायद्यातून वाचवण्यासाठी आहे. तुमच्यासाठी तिचा अर्थ सरळ आहे : ही वस्तू माणसाच्या शरीरात जाण्यालायक आहे याची हमी कोणीही दिलेली नाही.

विक्रेता ‘९९ टक्के शुद्ध’ असं प्रमाणपत्र पाठवतो. खरं असलं तरी त्यातून इतकंच कळतं की भुकटीतलं पेप्टाइड बहुतांशी एकाच जातीचं आहे. ती जंतुविरहित आहे का, जीवाणूंचं विष त्यात उतरलं आहे का, हे त्या चाचणीत येत नाही. आणि इंजेक्शनमध्ये माणसाला आजारी पाडतात त्या याच गोष्टी. पुढे ती भुकटी स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाण्यात विरघळवून इन्सुलिनच्या सिरिंजने घेतली जाते. पाणी अर्धं पडलं की सिरिंजच्या त्याच रेघेवर औषध दुप्पट होतं. प्रशिक्षित परिचारिकाही ज्या कामात दोनदा पडताळणी करते, ते काम एखादा व्हिडिओ पाहून करू नये.

कायद्याची बाजूही समजून घ्या. आपल्या १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात सौंदर्यप्रसाधन म्हणजे अंगाला चोळायची, ओतायची, शिंपडायची किंवा फवारायची वस्तू. टोचायची वस्तू त्यात बसत नाही. म्हणून एखाद्या पार्लरमध्ये किंवा ‘वेलनेस’ केंद्रात ‘ही तर फक्त ब्यूटी ट्रीटमेंट’ म्हणून जीएचके-कॉपर किंवा दुसरं काही टोचायला निघाले, तर नकार द्या. २०२३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डीएसआयपी, एपिटॅलॉन आणि टोचायचं जीएचके-कॉपर यांची गणना सुरक्षेबद्दल मोठी शंका असलेल्या पदार्थांत केली होती. बारकाईने पाहा : लावायचं जीएचके नव्हे, टोचायचं. पदार्थ तोच, वाट बदलली की धोका बदलतो.

त्वचेसाठी काय करावं?

आधी सनस्क्रीन, मग बाकी सगळं. ऑस्ट्रेलियात ९०३ जणांवर साडेचार वर्षं चाललेल्या चाचणीत रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेवर वयाच्या खुणा २४ टक्क्यांनी कमी दिसल्या. पेप्टाइडच्या एकाही अभ्यासाची ही उंची नाही. एसपीएफ ३० किंवा अधिक घ्या. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन निवडा. ते डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशापासूनही वाचवतं. सुरकुत्यांसाठी दुसरा क्रमांक ट्रेटिनॉइन या लावायच्या औषधाचा. ते त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने, आणि गरोदरपणात अजिबात नाही.

एवढं झाल्यावर पैसे आणि हौस दोन्ही असतील, तर पेप्टाइडचं सीरम जरूर घ्या. ट्रेटिनॉइन ज्यांना झोंबतं त्यांना ते विशेष सोयीचं. वापरताना एवढं पाळा :

१. पहिले दोन-तीन दिवस कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा.

२. चेहरा धुतल्यावर, मॉइश्चरायझरच्या आधी लावा. कॉपर पेप्टाइड आणि क जीवनसत्त्वाचं सीरम एकाच वेळी लावू नका. एक सकाळी, एक रात्री.

३. एका वेळी एकच नवीन वस्तू सुरू करा, म्हणजे काय मानवलं आणि काय नाही हे कळेल.

४. पहिल्या दिवशी खिडकीजवळच्या उजेडात चेहऱ्याचं छायाचित्र काढा. बारा आठवड्यांनी त्याच जागी, त्याच वेळी दुसरं काढा. फरक दिसत नसेल तर पुढची बाटली घेऊ नका.

झोपेसाठी काय करावं?

आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री, तीन महिने झोप येत नसेल, तर त्याला जुना निद्रानाश म्हणतात. त्यावरचा पहिला उपाय गोळी किंवा इंजेक्शन नाही, तर निद्रानाशासाठी खास आखलेली वर्तनोपचार पद्धती आहे, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली केली. प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ ती काही बैठकांत शिकवतात, आणि तिचा गाभा घरीही सुरू करता येतो :

१. उठण्याची वेळ एकच ठेवा; रविवारीही, रात्र कशीही गेली तरी.

२. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठा, मंद उजेडात काहीतरी शांत करा, आणि डोळे जड झाल्यावरच परत या. अंथरुणावर पडून मोबाइल बघणं, ऑफिसचं काम करणं बंद.

३. दुपारी तीननंतर चहा-कॉफी नको. चहातलं कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकरा वाजताही अंगात असतो.

४. दोन आठवडे वहीत लिहा : किती वाजता पडलात, अंदाजे कधी झोप लागली, कितीदा जाग आली, कधी उठलात. डॉक्टरांकडे जाताना ही वही बरोबर न्या. महागड्या घड्याळापेक्षा ती त्यांना जास्त सांगेल.

यासोबत कारण शोधा. घोरणं, झोपेत श्वास अडकणं आणि दिवसभर पेंगणं असेल तर स्लीप ॲप्नियाची तपासणी करून घ्या. रात्री पायांत वळवळ होऊन स्वस्थ पडवत नसेल तर शरीरातला लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, तपासा. आपल्याकडच्या बायकांमध्ये तो कमी असणं फार सामान्य आहे. पाळी जाण्याच्या वयात रात्री घामाने जाग येत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. थायरॉइड, मधुमेह, रक्तदाबाच्या काही गोळ्या, हेही झोप उडवतात. पहाटे तीन-चारला जाग येऊन मन काळोखात जात असेल, कशातच रस वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्यासाठी १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, आणि त्याला पैसे लागत नाहीत. डीएसआयपीची कुपी यांतलं एकही कारण दूर करत नाही. उलट ती घेऊन थांबून राहिलात, तर खरा आजार पुढे सरकत राहतो.

शेवटचं सांगणं

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, अठरा वर्षांखालची मुलं, मधुमेही, कर्करोगाचे रुग्ण, आणि रक्त पातळ करणारी किंवा मनाच्या आजारांवरची औषधं घेणारे, यांनी टोचायच्या पेप्टाइडपासून पूर्ण लांब राहावं. बाकीच्यांनीही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणि परवाना क्रमांकाशिवाय आलेलं कोणतंही इंजेक्शन घेऊ नये. आधीच घेत असाल तर आपल्या डॉक्टरांना न लाजता सांगा आणि कुपी जपून ठेवा. काही त्रास झाला तर तीच पुरावा आहे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद सरकारच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर करता येते. आपल्याकडे असे त्रास घडतात, पण कोणी कळवत नाही म्हणून ते नोंदीत येत नाहीत. तुम्ही कळवलंत तर पुढच्या माणसाचा बचाव होईल.

चेहऱ्यासाठी पेप्टाइड ही हौसेची गोष्ट आहे, ती खुशाल करा. झोप ही हौसेची गोष्ट नाही. ती बिघडली असेल तर डॉक्टरांकडे जा, आणि अनोळखी विक्रेत्याची सुई स्वतःला किंवा घरातल्या कोणालाही लावू देऊ नका.